मधोमध काटा

लोहा गाव मागं पडलं आणि चंद्रप्रभाबाईंच्या नाकाला वास लागला. गरम, गोडसर, रबर शेकल्यासारखा. मे महिन्याचं ऊन, काचा खाली. त्यांनी मांडीवरचा अनारशांचा डबा उघडून हुंगला. डबा निर्दोष होता.

“अहो, वास यायलाय.”

रेणुकादासांनी लगेच डॅशबोर्डकडं पाहिलं. त्यांची नजर अलीकडं तिथंच राहायला गेली होती. रस्त्यावर अधूनमधून पाहुणी म्हणून यायची. तिथं तीन गोल घड्याळं बसवलेली होती. एक तेलाच्या दाबाचं, एक बॅटरीचं, आणि मधलं, सगळ्यांत लाडकं, इंजिनाच्या तापमानाचं. एवढ्याशा गाडीला तीन घड्याळं म्हणजे कारकुनाच्या खिशाला तीन पेनं. पण हृदयात स्टेंट घालून दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम हेच केलं होतं. इंजिन तापलं की लागणारा गाडीचा मूळचा लाल दिवा कधीच मेला होता, आणि यापुढं त्यांना कुठलंच इंजिन अंधारात चालवायचं नव्हतं.

“काटा मधोमध आहे,” ते म्हणाले.

विषय संपला. वीज कार्यालयात बिलांच्या टेबलावर बसून त्यांनी नोकरीभर लोकांना एकच सांगितलं होतं, की मीटर खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. बायकोचं नाक त्यांनी गिऱ्हाइकात धरलं.

चंद्रप्रभाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. काटा मधोमध का आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

घड्याळं बसली त्या दिवसापासून घरातली शांतता उठली होती. काटा केसभर वर चढला की रेणुकादासांचा हात छातीवर जायचा. भाजी आणायला जाऊन आले तरी अंगाला घाम. डॉक्टर तर म्हणाले होते, ताण अजिबात नको. शेवटी गाडी सर्व्हिसिंगला टाकली होती तेव्हा बाई एकट्याच मेकॅनिक वीरण्णाकडं गेल्या. वीरण्णानं आधी कानाला हात लावला. मग बाईंचं तोंड बघून त्यानं मधल्या घड्याळाची तार इंजिनापासून सोडवली आणि दुसरीकडं अशी जोडली, की किल्ली फिरवली की काटा मधोमध येऊन उभा राहायचा. मात्र दर आठवड्याला तो इंजिन बघून जाईल, असं ठरलं होतं. तेवढी अक्कल बाईंनी शाबूत ठेवली होती. औषधापेक्षा काटा लागू पडला. रेणुकादास झोपू लागले, पोळी मागून घेऊ लागले.

या आठवड्यात वीरण्णा भाच्याच्या लग्नाला देगलूरकडं गेला होता.

वास दाट झाला. बाई म्हणाल्या, चहा घेऊ. रेणुकादास म्हणाले, चहा अहमदपूरला. लातूरला श्रद्धाच्या घराची वास्तुशांत, आईबाप उशिरा पोचले तर जावई काय म्हणेल. बाई म्हणाल्या, मग सावलीला नुसतं थांबू. ते हसले. म्हणाले, सावली तुला हवी का गाडीला, गाडीला तर नको आहे, बघ.

“माझं इंजिन नॉर्मल, हिचंही नॉर्मल,” त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. “परवाचा रिपोर्ट तर तूच घेऊन आलीस की.”

बाईंची नजर बॉनेटवर होती. खरं सांगावं तर स्टिअरिंग यांच्या हातात, आणि हृदयही यांच्याच छातीत. न सांगावं तर बॉनेटच्या फटीतून आता पांढरी रेघ निघत होती. त्यांना ती दिसली. रेणुकादासांना दिसली नाही. ते काटा बघत होते.

“थांबवा,” बाई म्हणाल्या. “माझ्या छातीत दुखायलंय.”

गाडी जागच्या जागी थांबली. इतक्या तातडीनं रेणुकादासांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. इंजिन आचका देऊन बंद पडलं. त्यांनी बायकोचं मनगट धरलं, आणि तेवढ्यात बॉनेटमधून भसकन वाफ उसळली.

ते वाफेकडं बघत राहिले. मग काट्याकडं. मधोमध. त्यांनी काचेवर बोटानं टकटक केलं. काटा हलला नाही. त्यांनी किल्ली बंद केली, तसा तो खाली जाऊन पडला.

“छातीत दुखतंय?”

“नाही.”

“आणि हा?”

“मी वीरण्णाकडून करून घेतलं. तुम्हाला झोप लागावी म्हणून.”

रेणुकादास चिडले नाहीत. छेडछाड केलेलं मीटर हाती आलं की ते असेच एकदम मऊ व्हायचे. अजून त्यांनी बायकोचं मनगट सोडलेलं नव्हतं.

“प्रभा,” ते म्हणाले, “परवा मला बाहेर बाकावर बसवून रिपोर्ट घ्यायला डॉक्टरांच्या खोलीत तू एकटीच गेली होतीस.”

बाईंनी हात सोडवून घेतला. अनारशांचा डबा मागच्या सीटवर ठेवला, झाकण दाबून बसवलं. मग रिकामी बाटली उचलली आणि शेतातल्या एका आखाड्यावरच्या झोपडीकडं पाणी मागायला निघाल्या. उन्हात त्या भराभर चालत होत्या, वळून न बघता.

रेणुकादासांनी किल्ली अर्धी फिरवली. इंजिन बंदच होतं, वाफ निघतच होती. काटा उठला आणि मधोमध येऊन उभा राहिला.