खरवडीचा वाटा

ताईच्या मनगटावरचं घड्याळ आता थेट कोपरापर्यंत घसरायचं. “नैराश्यात भूक अशीच मरते. आग्रह करू नका,” डॉक्टरांनी धाकट्या भावाला बजावलं होतं. म्हणून आज त्याने दूध मुद्दाम तळाला लागू दिलं, ते दुसरीकडे ओतलं आणि खरवडीचं पातेलं दोघांच्या मध्ये ठेवलं. लहानपणी या खरवडीवरून दोघांची अशी जुंपायची, की आई चमच्याच्या दांड्याने तळावर रेघ ओढून वाटे पाडायची. त्याने तशीच रेघ ओढली आणि आपली बाजू खरवडून संपवली. ताई खिडकीबाहेरच बघत होती. मग त्याचा चमचा लहानपणीसारखाच हळूच रेघ ओलांडून गेला. “चोरट्या,” खिडकीतून नजर न काढता ताई म्हणाली. त्याने जीभ चावली. तिने वळून पातेल्यात डोकावलं. “आणि रेघही चुकलीय. मोठीचा वाटा मोठा,” म्हणत तिने पातेलं जवळ ओढलं.