खडूंचा खोका

अनुदान होतं तेवढंच राहिलं, खडूंचे भाव मात्र दुप्पट झाले. म्हणून यंदा सरकारी शाळेत दोन वर्गांना मिळून खडूंचा एकच खोका आला. तिसरीच्या बाईंनी तो गुपचूप आपल्या कपाटात टाकला. चौथीच्या बाईंचं कौतुक ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. "आता बघते कशी मिरवते ती!"

महिनाभराने मुख्याध्यापक म्हणाले, "चौथीची मुलं काय झरझर लिहायला लागलीत हो! शिका जरा त्या बाईंकडून."

तिसरीच्या बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. तरातरा जाऊन त्यांनी चौथीच्या खिडकीतून डोकावलं.

 

आत चौथीच्या बाई पाण्यात बोट बुडवून फळ्यावर लिहीत होत्या, आणि अक्षरं वाळून जायच्या आत मुलं ती वहीत उतरवून घेत होती.