आहेराची सुई

ज्या वर्षी शेवंताचं लग्न झालं, त्याच वर्षी सरकार युद्धाचं कर्ज माणसांच्या आयुष्यातून फेडू लागलं. माणशी एक सुई, तान्ह्या पोरालाही; ती टोचली की आयुष्याची चार वर्षं कमी होत. लेकीच्या वाट्याची सुई बापानं घ्यायची, असा आहेरही रूढ झाला.

मांडवात शेवंताच्या बापानं, रावजीनं, बाही वर केली.

"बाबा, तुमची स्वतःची झालीय. आणखी चार शिल्लक असतील का?" नर्स म्हणाली.

"टोच तू."

व्याही म्हणाले, "पाव्हणे, देश तर वाचला ना?"

"वाचला. पण उधारीवर लढा म्हणून सभेत हात वर करणारे तुम्ही. आता सुनेसाठी करा की."

व्याही पानाला चुना लावत राहिले.

पुढं शेवंताला मुलगी झाली; बारशाच्या दिवशी तिची सुई शेवंतानंच घेतली. रावजी त्याआधीच, माघात वारला होता.