आठांतले दोन

पावसाळ्यापुरते दोन मास्तर भामरागडच्या शाळेवर पाठवायचे होते. एकदा रस्ता बंद झाला की ते दिवाळीपर्यंत तिकडेच. यांच्या शाळेत मास्तर आठ, म्हणून चिठ्ठ्या टाकायचं ठरलं.

बाळाला मांडीवर थोपटत मी हिशेब केला. आठांतून दोघांच्या जोड्या होतात अठ्ठावीस, त्यातल्या सातांत यांचं नाव, म्हणजे चारांत एक. गणितात बीएस्सी केलं ते यासाठीच वाटतं. बाळ खोकलं की मी तोच भागाकार पुन्हा करून बघायची.

संध्याकाळी हे आले. नावं निघाली होती श्रावण सरांचं आणि लहानूभाऊंचं. लहानूभाऊंना दमा, तरी माझा जीव भांड्यात पडला.

"उरलेल्या चिठ्ठ्या उघडल्या, तर पाचच निघाल्या," हे म्हणाले. "हेडमास्तर म्हणते, तुमच्या घरी तान्हं लेकरू हाये, म्हणून तुमची टाकलीच नाई."

"भलं होवो त्याईचं!"

 

हे पेटी झटकत म्हणाले, "मले नाई पाहिजे असे उपकार. लहानूभाऊच्या जागी मी जाऊन राह्यलो."