सातव्या वर्षापासून

शाळेची बस चालवताना महिन्यापूर्वी तिची शुद्ध हरपली आणि बस भिंतीवर आदळली. डोक्यावर तारा लावून केलेल्या तपासण्यांत काहीच सापडलं नव्हतं. आज मांडीच्या शिरेतून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारी केसासारखी तार मेंदूतल्या रक्तवाहिनीत पोचवली, तेव्हा फिटचा झटका पकडला गेला. “अपस्मार आहे, जुना दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. “लहानपणी फिट यायची?” “छे, कधीच नाही,” ती म्हणाली. उशाशी बसलेल्या आईची मान खाली गेली. “सातव्या वर्षी यायची. गोळ्यांनी थांबली.” “ताकदीच्या म्हणून द्यायचीस, त्या गोळ्या?” “लोकांनी नावं ठेवली असती गं.” तिने आईकडे मान वळवली. “परवान्याच्या अर्जावर ‘फिट कधीच आली नाही’ असं मी तुला विचारून लिहिलं होतं. बसमध्ये एकोणतीस पोरं होती, आई!” आईने तिच्या कपाळावर हात ठेवला. तिने तो बाजूला सारला. “लिहून घ्या डॉक्टर, सातव्या वर्षापासून. यांना घरी पाठवा.”