मांडलेली बाहुली

चेन्नईच्या वेलचेरीतल्या फ्लॅटमध्ये रत्नप्रभाकाकूंनी तमिळ शेजारणींसारखा नवरात्राचा कोलू मांडला होता: सात पायऱ्यांवर दाटीवाटीने बसवलेल्या बाहुल्या. हळदीकुंकवाला आलेल्या ऊर्मीची तान्ही लेक भुकेने रडू लागली, तशी ऊर्मीने सतरंजीवरच तिला पदराखाली घेतलं. काकांना एकाएकी वर्तमानपत्रात महत्त्वाची बातमी सापडली. "अगं, चारचौघांत काय हे? आत जाऊन पाज!" काकू फणकारल्या. ऊर्मी लेकीला घेऊन उठली खरी, पण वळली कोलूकडे. तिसऱ्या पायरीवर यशोदा बसली होती, उघड्या छातीशी बाळकृष्णाला धरून. आल्यागेल्या प्रत्येकाने तिला हात जोडले होते. ऊर्मीने तिच्याकडे हात नेला. "हिलाही आत नेते. हीसुद्धा पाजतेय." "हात लावू नकोस!" काकू किंचाळल्या. "एकदा मांडलेली बाहुली दसऱ्यापर्यंत जागची हलवत नाहीत!" "नाही हलवत," म्हणत ऊर्मीने यशोदेसमोरच ठाण मांडलं. "मग आम्ही दोघी इथेच पाजतो, काकू."