वरची बाजू

लोक मांजर पाळतात, आमच्या ह्यांनी पाल पाळली. तिने दोन अंडी घातली, तर ह्यांना आजोबा झाल्यासारखं झालं.

अंड्यांना खळगे पडले, तसं ह्यांनी उबवणपेटीतल्या भुशावर पाणी शिंपडलं. बुरशी आली, तेव्हा झाकण किलकिलं ठेवलं. "फक्त फिरवू नकोस," हे मला बजावत. "कूस बदलली की आतला जीव गुदमरतो." वरची बाजू कळावी म्हणून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीचा ठिपका होता. मागून टॉर्च धरला की आतल्या लाल शिरा दिसत, आणि हे खूश होऊन हसत.

दोन्ही पिल्लं धडधाकट निघाली. त्या दुपारी आम्ही समाधानाने आडवे झालो. खोलीत छान ऊब होती, काचांवर आतून बाष्प धरलं होतं.

मला जाग आली तेव्हा हे उताणे घोरत होते. कपाळाच्या मधोमध पेन्सिलीचा ठिपका. म्हातारपणी ही कसली थट्टा, म्हणून मी पुसायला हात उचलला. ह्यांनी डोळे उघडले आणि माझ्या कपाळाकडे बघतच राहिले.

"अगं, तुलाही..."

मी कुशीवर वळणार, तोच हे कुजबुजले, "हलू नकोस."

खिडकीतून झगझगीत उजेड आला. माझा उचललेला हात आरपार लाल दिसू लागला, आणि बाहेर कुणीतरी खूश होऊन हसलं.